पुण्यातली एफडी आणि एचएमआरसीचं पत्र

प्रश्न : 2019पासून सहकुटुंब लंडनजवळ राहतो, 40 टक्के कराच्या टप्प्यात आहे. पुण्यातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीचं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार रुपये व्याज तिमाहीला जमा होतं. भारतात ते करमुक्त, म्हणून इथे कधी दाखवलं नाही. आता एचएमआरसीने (ब्रिटनच्या करखात्याने) परदेशी उत्पन्नाचं प्रमाणपत्र 30 दिवसांत मागवलंय. ‘सर्व काही बरोबर आहे’ वर खूण करून पाठवू का?

उत्तर : अजिबात नको. त्या प्रमाणपत्रावर सही करण्याचं कायदेशीर बंधन नाही आणि चुकीची खूण पुढे फौजदारी प्रकरणापर्यंत जाऊ शकते. पण गप्पही बसू नका. मुदतीच्या आत साध्या पत्राने उत्तर द्या. भारतीय बँकांमधल्या खात्यांची माहिती भारताच्या आयकर खात्यामार्फत ब्रिटनला जाते, तेव्हा तुमचे आकडे त्यांच्याकडे आहेत असंच धरून चला.

भारतात करमुक्त म्हणजे इथेही करमुक्त, हा समज मला वारंवार भेटतो आणि तो चूक आहे. तरी तुमची बाजू वाटते तितकी पडती नाही. 5 एप्रिल 2025पर्यंत ज्याचा अधिवास (डोमिसाइल, म्हणजे राहतो कुठेही, पण कायमचं घर मानला जाणारा देश) ब्रिटनबाहेरचा होता, त्याचं ब्रिटनमध्ये न आणलेलं सगळं परदेशी उत्पन्न आणि भांडवली नफा मिळून वर्षाला 2,000 पौंडांच्या आत असेल, तर त्यावर इथे कर नव्हता. त्यासाठी वेगळा दावाही लागत नसे. पौंड 100 रुपयांचा धरला, तर तुमचं व्याज जेमतेम 1,400 पौंड भरतं. मात्र पीपीएफचं व्याज, फ्लॅटचं भाडं असेल तर तेही त्यात मिळवा. त्या खात्यातून इथे पैसे आणले असतील, तर ते वर्ष वेगळं तपासावं लागेल. कायमचं परतायचा इरादा दाखवणारे कागदही जपून ठेवा, अधिवासाचा प्रश्न बराचसा त्यावर ठरतो.

बँकेचा व्याजाचा दाखला 31 मार्चला संपतो, ब्रिटिश करवर्ष 5 एप्रिलला. म्हणून दाखल्यावर विसंबू नका; स्टेटमेंट घेऊन जमा तारखेनुसार वर्षं पाडा. एखादं वर्ष 2,000च्या वर गेलंच, तर एचएमआरसीच्या परदेशी उत्पन्न प्रकटीकरण सुविधेत नोंद करा. पुढे तपशील आणि कर भरायला 90 दिवस मिळतात.

6 एप्रिल 2025पासून ती सवलत गेली. नव्याने येणाऱ्यांची चार वर्षांची सूट तुम्हाला लागू नाही. इथल्या बँकेचं व्याज नसेल, तर 1,400तले 500 पौंड व्याजावरच्या सवलतीत सुटतात आणि उरलेल्या 900वर 360 पौंड कर बसतो. 2025-26साठी सेल्फ असेसमेंटची (स्वतः विवरणपत्र भरण्याची) नोंदणी 5 ऑक्टोबर 2026पर्यंत करा. विवरणपत्र आणि कर 31 जानेवारी 2027पर्यंत.