दप्तरांत सापडणारी माणसे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे पणजोबा नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिक्षक व पुढे उपदेशक होते, असे घरात सांगतात. त्यांच्या बाप्तिस्म्याचा आणि नोकरीचा लेखी पुरावा कोठे मिळेल? — एक वाचक, पुणे

उत्तर : पुरावा मिळण्याची शक्यता चांगली आहे, मात्र तो एका जागी मिळणार नाही, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत आणि त्यांची दप्तरेही वेगळी होती. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी त्या त्या गावच्या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या, वहीत होत असत आणि ही वही सहसा चर्चमध्येच राहिली. यांतल्या बहुतेक मंडळ्या 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये सामील झाल्या, म्हणून आधी गावातील पाळकसाहेबांना भेटावे आणि नंतर धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारावे. नोकरीचा भाग निराळा आहे. हे मिशन चालवणारे अमेरिकन बोर्ड 1810 साली स्थापन झाले, त्याचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये नगरचे ठाणे, म्हणजे मिशनचे केंद्र, सुरू झाले. इथल्या मिशनऱ्यांनी बोर्डाच्या बोस्टनमधील कचेरीला पाठवलेली पत्रे व अहवाल आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. म्हणजे पणजोबांचा बाप्तिस्मा नगर जिल्ह्यातल्या एखाद्या कपाटात आणि त्यांची नोकरी अमेरिकेत, अशी ही विभागणी आहे. सुदैवाने बोर्डाच्या छापील मासिकाचे अनेक जुने खंड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

या कागदांकडून अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. मिशनरी आपला अहवाल वर्गणीदारांसाठी लिहीत असे. ज्याच्या धर्मांतराची हकिगत वाचून अमेरिकेतल्या वर्गणीदाराचा हात खिशाकडे जाईल, त्या माणसाचे नाव त्यात हमखास येते. तीस वर्षे एका खेड्यात मुळाक्षरे गिरवून घेणारा शिक्षक मात्र ‘शाळा इतक्या, शिक्षक इतके’ या आकड्यात विरघळून जातो. म्हणून थेट पणजोबांचे नाव शोधत बसू नका. त्यांचे गाव ठरवा, ते गाव कोणत्या ठाण्याखाली होते ते पाहा, त्या काळात त्या ठाण्यावर कोण मिशनरी होता ते काढा आणि त्याची पत्रे व वार्षिक अहवाल क्रमाने वाचा. जुन्या इंग्रजी लिखाणात शिरूरचे ‘सेरूर’ झालेले असते आणि आडनावांचे काय होते ते विचारूच नये. मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे पत्र 1842 पासून निघत होते. त्याच्या जुन्या अंकांत मंडळ्यांच्या बातम्या मराठीतून येतात, तिथे निदान नावाची मोडतोड होत नाही.

वहीच्या रचनेबद्दल एक स्वानुभव सांगतो. एका चर्चची जुनी बाप्तिस्म्याची वही मी दोन दिवस आडनावाने शोधत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की सूची पहिल्या नावाने लावलेली आहे आणि मला हवे असलेले गृहस्थ ‘य’ खाली निवांत बसलेले आहेत. आडनाव तिथे मुळात लिहिलेच नव्हते, बापाचे नाव आणि गाव एवढेच होते. तेव्हा वही हातात आली की शोध सुरू करण्यापूर्वी तिची पाच-दहा पाने नुसती वाचून काढा. आणखी एक सूचना. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या धार्मिक नोंदींच्या प्रती आहेत असे ऐकून अनेकजण तिकडे अर्ज करतात. त्या नोंदी मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आहेत, त्यामुळे नगरकडच्या मराठी कुटुंबाने तो खर्च शेवटी करावा.

नोंदी सापडल्या तरी त्यांच्या मधली जागा मोठी असते. याचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घ्या. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा, 1904 साली पाळकपदाची दीक्षा, 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडणे आणि 1919 साली मृत्यू, एवढा आराखडा कागदपत्रांवरून उभा राहतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. वह्यांत पाहाल तर पती-पत्नीच्या दोन कोरड्या नोंदी आणि त्यांच्यामध्ये पाच वर्षे दिसतात. त्या पाच वर्षांत घरात काय झाले हे कोणत्याही मिशनच्या दप्तराने लिहून ठेवले नाही; ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिले म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आपल्या घरी पणजीचे काही कागद, जुने बायबल, त्याच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मतारखा असे काही असेल, तर ते आधी जपून ठेवा.

प्रश्न : ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे गोव्यातील इंग्रज पाद्री फादर थॉमस स्टीफन्स यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. मग चारशे वर्षांपूर्वीच्या या माणसाच्या आयुष्यातील तारखा अभ्यासक इतक्या खात्रीने कशा देतात? — एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : कारण ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट संघाचे होते, आणि माणसांची इतकी काटेकोर नोंद ठेवणारा संघ त्या काळात दुसरा क्वचितच असेल. सोळाव्या शतकातच या संघाने पत्रव्यवहाराची शिस्त बसवली होती. दरवर्षी प्रत्येक प्रांतातून रोमला वार्षिक पत्र जाई आणि ठरावीक वर्षांनी माणसांची यादी जाई. जहाज बुडण्याची भीती रोजचीच, म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत आणि ही कोणत्या वाटेची प्रत आहे ते वरच्या कोपऱ्यात लिहीत. आज एखादे पत्र दोन प्रतींत सापडते, ते या धास्तीमुळेच.

दर तीन वर्षांनी जाणाऱ्या यादीचे भाग पाहण्यासारखे आहेत. पहिल्या भागात प्रत्येकाचे नाव, जन्मस्थान, वय, प्रकृती, संघात येण्याची तारीख, शिक्षण आणि केलेली कामे असत. दुसरा भाग गोपनीय होता. त्यात नाव नसे, फक्त क्रमांक असे, आणि त्या क्रमांकापुढे बुद्धी, विवेक, व्यवहारज्ञान, अनुभव, स्वभाव आणि हा माणूस कोणत्या कामाला योग्य आहे, याविषयी वरिष्ठाचा शेरा असे. क्रमांक कोणाचा हे पहिल्या भागाशी ताडून कळत असे. तिसरा भाग घरांच्या जमाखर्चाचा. आपल्याकडच्या सरकारी नोकरांच्या गोपनीय अहवालाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. स्टीफन्स 1575 साली रोममध्ये संघात दाखल झाले, 1579 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे मुख्यतः गोव्यातल्या साष्टीत राहिले, हे आपण सांगू शकतो ते अशा याद्यांच्या आणि पत्रांच्या आधारावर.

तरीही मला यादीपेक्षा पत्र मोलाचे वाटते. गोव्याला पोचल्यावर काही दिवसांतच त्यांनी इंग्लंडमधील वडिलांना समुद्रप्रवासाची हकिगत कळवली, आणि 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. इंग्रज संस्कृततज्ज्ञ विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृतविषयी असेच मत मांडले ते त्यानंतर दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांचे निरीक्षण मात्र एका खासगी पत्रात पडून राहिले आणि विसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आले.

त्याहून बोलका कागद 1608 च्या डिसेंबरमधला आहे. तो त्यांनी रोममधल्या संघाच्या सर्वाधिकाऱ्यांना लिहिला. इथल्या भाषेतले पुस्तक इथल्याच लिपीत छापावे अशी त्यांची इच्छा होती. अडचण खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, होती. युरोपीय लिपीला दोन डझन अक्षरे पुरतात. इथे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून साचे सहाशेच्या घरात जातात. त्यांनी डोके चालवून हिशेब मांडला की ही संख्या दोनशेपर्यंत उतरवता येईल, आणि त्यासाठी परवानगी मागितली. या पत्राचे पुढे काय झाले हे पुस्तकच सांगते. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध काव्य 1616 साली साष्टीतील रायतूरला छापून झाले ते रोमन लिपीत. मराठीची ओवी ज्ञानेश्वरांच्या घाटाची आणि अक्षरे मात्र लिस्बनची, हा विचित्र संयोग का घडला, याचा उलगडा या एका पानावर मिळतो. मुळाक्षरांचे साचे मोजत बसलेला इंग्रज पाद्री कोणत्याही चरित्रकाराला कल्पनेने रंगवता आला नसता.

मूळ कागद रोममध्ये संघाच्या मुख्य अभिलेखागारात आहेत, परंतु त्यासाठी रोमला जाण्याची गरज नाही. योझेफ विकी यांनी संपादित केलेल्या ‘डॉक्युमेंटा इंडिका’च्या अठरा खंडांत 1540 ते 1597 पर्यंतची भारतविषयक कागदपत्रे छापलेली आहेत. मजकूर लॅटिन, पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इटालियन भाषांत आहे, एवढी तयारी ठेवावी. आपण मडगावच्या आहात, तेव्हा पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि पणजीचे पुराभिलेखागार आपल्याला जवळ आहेत. पणजीच्या दप्तराची सुरुवात 1595 सालची आहे आणि दियोगु दु कौतु हा तिथला पहिला दप्तरदार. तिथे राज्यकारभाराचे कागद अधिक आहेत. 1759 साली पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या प्रदेशातून घालवले आणि त्यांची मालमत्ता जप्त केली, त्यामुळे संघाच्या घरांतील कागद इथे जितके सलग असायला हवे होते तितके नाहीत. रोमला गेलेल्या प्रती वाचल्या, म्हणून आपले भागले.

प्रश्न : पंडिता रमाबाईंची इंग्लंडमधील पत्रे तिथल्या मठातील एका ख्रिस्ती जोगिणीने जमवली आहेत. मग त्या संग्रहावर किती विश्वास ठेवावा? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : पत्रांवर पुष्कळ ठेवावा, निवडीवर थोडा कमी. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथील सेंट मेरी मठात रमाबाई राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या मठातील सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, म्हणजे ‘गॉडमदर’, होत्या. त्यांनीच पुढे हा पत्रव्यवहार संकलित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध केला. संकलक स्वतः रमाबाईंशी झालेल्या धर्मविषयक वादातली एक बाजू होती, ही गोष्ट पान उलटताना विसरू नये. जेराल्डीनबाईंना आपली शिष्या हट्टी व गर्विष्ठ वाटत होती आणि ते त्यांनी लपवलेले नाही.

पण मठाच्या शिस्तीचा एक फायदा असा की तिथे आलेले पत्र फेकून देत नसत. म्हणून विरुद्ध बाजूचे म्हणणेही टिकले. मठातल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. ते शब्द मला समजत नाहीत आणि माझ्या देशभगिनींनाही समजणार नाहीत, मग संस्कृत का चालू नये, असे रमाबाई विचारतात. आहार, मुलगी मनोरमेचे शिक्षण, त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असा) सिद्धांत, प्रत्येक बाबतीत त्या याच सुरात लिहितात. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकवू लागल्यावर पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही हा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. बिशपांची मते, महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांची रदबदली आणि रमाबाईंचे उत्तर एकाच संग्रहात लागोपाठ वाचायला मिळते. आपल्या कामाविषयी परस्पर निर्णय होतो आहे हे कळल्यावर त्या किती संयमाने आणि किती ठामपणे लिहितात, ते मूळ इंग्रजीतच वाचावे, आणि जेराल्डीनबाईंची प्रस्तावना त्यानंतर वाचावी.