परिपाठात चुळबुळ

प्रश्न : परिपाठाला दिनविशेष वाचताना मुलं चुळबुळ करतात. काय करावं? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, करणारच! पाच-पाच जयंत्या-पुण्यतिथ्या एका दमात कोण ऐकेल? एकच घ्या. 28 फेब्रुवारीला ‘1928 : रामन परिणामाचा शोध’ एवढं वाचून थांबू नका. 1921 च्या बोटप्रवासात भूमध्य समुद्राची निळाई पाहून रामन विचारात पडले, हे सांगा. मग काचेच्या पेल्यात पाणी, दुधाचे दोन-चार थेंब आणि एका बाजूने बॅटरीचा झोत. आडवं पाहिलं तर निळसर झाक, झोतासमोरून पिवळट-तांबूस. (हा रामन परिणाम नव्हे; त्यात विखुरलेल्या थोड्या प्रकाशाची तरंगलांबीच बदलते. हे प्रकाशाचं साधं विकिरण, म्हणजे नुसतं विखुरणं, तेही सांगा.) भर उन्हात दिसणार नाही, म्हणून त्या दिवशी परिपाठ वर्गातच घ्या. पेला मागच्या रांगेतल्या चुळबुळ्याच्या हाती द्या. सुविचार राहिला तरी चालेल, फळ्यावर असतोच.