स्प्लेंडरचे ऑइल तपासताना स्टिक फिरवून बसवावी की नुसती टेकवावी?

तुम्ही विचारले आहे की, स्प्लेंडरचे ऑइल घरी तपासताना स्टिक, म्हणजे ऑइलच्या झाकणाला जोडलेली पातळी मोजायची पट्टी, आट्यांत फिरवून घट्ट करावी की नुसती भोकात टेकवावी, आणि पातळी कमी दिसली तर वरून थोडे घालावे की सगळेच बदलावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे आहे: नुसती टेकवावी, फिरवू नये. हे एक वाक्य मला एका बोअरिंगला (म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करण्याला) आणि एका नव्या पिस्टनला पडले असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वीसहून अधिक वर्षे म्हापशात पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर मागे प्रवासी बसवून भाडे मारणारा माणूस. मी गाडी शिकलो ती त्यांच्याकडेच, आणि ऑइल पाहायलाही. रोज सकाळी भाड्याची वाट पाहत उभे असताना ते ऑइल तपासत, पण गाडी मेन स्टँडवर घेत नसत, कारण गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नसे. साइड स्टँडवर डावीकडे कललेल्या गाडीची स्टिक ते काढत, खिशातल्या चिंधीने पुसत, फिरवून घट्ट बसवत, पुन्हा काढत आणि उन्हात धरून पाहत. एवढ्या वर्षांत त्यांचे इंजिन एकदाही पकडले, म्हणजे आतून अडकून जाम झाले नाही. साहजिकच त्यांच्यापुढे या विषयावर तोंड उघडण्याची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नव्हती.

मी स्वतःची स्प्लेंडर 2008 मध्ये घेतली, तेव्हा गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक मोठ्या हौसेने उघडले. ऑइल तपासताना गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर उभी असावी, हे त्यात वाचले आणि भावोजींची चूक सापडल्याचा मला इतका आनंद झाला की पुढचे वाक्य वाचायचे राहूनच गेले. पुढच्या वाक्यात स्टिक न फिरवता बसवावी असे स्पष्ट छापलेले होते. त्या दिवसापासून मी गाडी शिस्तीने मेन स्टँडवर घेऊ लागलो, पण स्टिक मात्र भावोजींसारखी घट्ट फिरवूनच तपासत राहिलो.

चाळीसएक हजार किलोमीटरनंतर गाडी थोडे थोडे ऑइल पिऊ लागली होती. त्या वयाच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजल्या की असे होते. मी दर रविवारी पाहत होतो आणि दर रविवारी ऑइल स्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये दिसत होते, म्हणून निश्चिंत होतो. मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही दोघे नवरा-बायको सामानासह साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाटाने बेळगावला निघालो. घाटाच्या मध्यावर टॅपेटसारखी टकटक ऐकू येऊ लागली. मी ती उन्हाची आणि ओझ्याची म्हणून कानाआड केली, हा माझा मूर्खपणा. पुढच्या दोन वळणांत गाडीचा जोर गेला आणि इंजिन बंद पडले. किक मारायला गेलो तर ती दगडावर पाय ठेवल्यासारखी जागची हलेना. बायको एका बेळगावच्या ओळखीच्या कुटुंबाच्या गाडीतून वर लग्नाला गेली आणि मी न्यूट्रलमध्ये, ब्रेक दाबत, आवाज न करणाऱ्या गाडीवरून उलट केरीपर्यंत उतरलो.

मेकॅनिकने खालचा बोल्ट काढून ऑइल मापाच्या भांड्यात घेतले, ते जेमतेम अर्धा लिटर भरले. एक लिटरच्या आतबाहेर ऑइल मावणाऱ्या इंजिनात अर्धा लिटर, आणि तेही मे महिन्यात दोन माणसांसह घाट चढताना! हे इंजिन हवेवर थंड होणारे असल्यामुळे वंगणाबरोबर उष्णता वाहून नेण्याचे बरेचसे काम ऑइलच करते, आणि ते कमी पडले तर सांगणारा कोणताही दिवा या गाडीच्या मीटरवर नाही. सिलिंडरवर ओरखडे उठले होते, कॅमशाफ्ट झिजला होता. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागला.

आता यातील गणित पाहा. स्टिक फिरवली की ती आट्यांच्या उंचीइतकी अधिक खोल जाते, त्यामुळे पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते. माझ्या स्टिकवरील आट्यांचा भाग साधारण एक सेंटिमीटरचा आहे, आणि वरच्या व खालच्या खुणेतील अंतरही त्याच्या आसपासच आहे. म्हणजे ऑइल खालच्या खुणेला टेकलेले असतानाही स्टिक जवळजवळ पूर्ण भरल्याचे सांगते. साइड स्टँडचे याच्या उलट आहे. या गाडीत स्टिक इंजिनाच्या उजव्या अंगाला असते. गाडी डावीकडे कलली की ऑइल तिकडे जाते आणि उजवीकडे पातळी कमी दिसते. भावोजी या दोन्ही चुका एकदम करत होते आणि त्या एकमेकींना झाकत होत्या. मी त्यांपैकी एक सुधारली आणि दुसरी उघडी पडली.

हे मी त्यांना कितीदा सांगितले असेल, पण त्यांचे उत्तर ठरलेले होते: ‘‘तू पुस्तक अर्धे वाचलेस त्याला मी काय करू रे?’’ शेवटी एका चवथीला ते घरी आले असताना मी जेवणाआधी त्यांची गाडी आमच्या पडवीत चढवली. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून आमच्याकडच्या अंगणांना उतार असतोच, त्यामुळे अंगणात घेतलेल्या मापावर माझा विश्वास नाही. इंजिन तीन मिनिटे चालवले, बंद करून तीन मिनिटे थांबलो, जुन्या बनियनच्या तुकड्याने दर वेळी स्टिक कोरडी पुसली आणि चार मापे घेतली. मेन स्टँडवर नुसती टेकवून: दोन खुणांच्या बरोबर मध्ये. मेन स्टँडवर फिरवून: वरच्या खुणेच्याही वर. साइड स्टँडवर नुसती टेकवून: फक्त टोक ओले. साइड स्टँडवर फिरवून, म्हणजे त्यांच्या पद्धतीने: मध्याच्या किंचित खाली. भावोजींनी पहिले आणि चौथे माप पुन्हा घ्यायला लावले, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे माझे बरोबरच होते की.’’ ताई आतून पाने वाढल्याचे सांगत होती. मला त्यावर आजही नीट उत्तर सुचलेले नाही. एवढेच म्हणतो की हा हिशेब त्यांच्या गाडीचा, त्यांच्या स्टँडच्या कलण्याचा आणि त्यांच्या नशिबाचा आहे, तो दुसऱ्या गाडीवर जुळेलच असे नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. ऑइल बदलायची मुदत झालेली नसेल आणि पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच ग्रेडचे थोडे थोडे घालावे, प्रत्येक वेळी थांबून पुन्हा पाहावे आणि वरच्या खुणेपलीकडे जाऊ नये, कारण जास्त झालेले ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरच्या डब्यात उतरते. चारचाकीचे उरलेले ऑइल घालू नये. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि तो घसरू लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असे लिहिलेले पाहून घ्यावे. ऑइल काळे दिसते म्हणून घाबरून बदलणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. पावसाळ्यात मात्र स्टिकला ताकासारखा पांढरट थर दिसला तर ते पाणी आहे. तेव्हा वरून घालण्यात अर्थ नाही, सगळे काढावे आणि पाणी कुठून शिरले ते शोधावे.

हे सर्व स्प्लेंडर आणि तिच्यासारख्या गाड्यांविषयी झाले. ज्या गाड्यांना स्टिकऐवजी इंजिनावर काच असते, तिथे हा वादच उद्भवत नाही, गाडी सरळ उभी धरून काचेत पाहिले की झाले. काही गाड्यांच्या माहितीपुस्तकात मात्र स्टिक पूर्ण फिरवून मगच पाहा असे छापलेले असते. तुमच्याकडे पुढेमागे तशी गाडी आली, तर माझे वरील सर्व म्हणणे तिच्यापुरते रद्द समजावे आणि भावोजींचे अर्धे ग्राह्य धरावे.