लास वेगासचं नवीन बेसबॉल स्टेडियम उघडेल तेव्हा पहिल्याच हंगामाचं सीझन तिकीट घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की २०२८ मध्ये अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचं स्टेडियम तुमच्या गावात उघडणार, मुलाने आत्तापासून घर डोक्यावर घेतलंय, आणि पहिल्याच वर्षी सीझन तिकीट (हंगामातल्या घरच्या सामन्यांचं एकत्र तिकीट) घ्यावं की नव्याची नवलाई ओसरेपर्यंत थांबावं हे ठरत नाही. शेवटी हळूच एक वाक्य टाकलंय: 'आणखी तीन मराठी कुटुंबांबरोबर वाटून घ्यायचा विचार आहे.' बाकीच्या प्रश्नाला कुणीही उत्तर देईल. मी या शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय.

पहिल्याच वर्षी घ्या. झालं. आता वाटून घेण्याबद्दल.

मी मिनिअ‍ॅपोलिसचा, मूळचा कोल्हापूरचा. आमच्या ट्विन्स या बेसबॉल संघाचं घर २००९ पर्यंत मेट्रोडोम हे स्टेडियम होतं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना नवीन स्टेडियमची भूक काय असते हे सांगून कळणार नाही. छप्पर कापडाचं, आतल्या हवेच्या दाबावर फुगवून धरलेलं. म्हणून आत-बाहेर जायला फिरते दरवाजे, आणि सामना संपल्यावर साधं दार उघडलं की आतली हवा मागून असा रेटा द्यायची की टोपी हाताने धरावी लागे. छताचा रंग पांढुरका, त्यामुळे उंच उडालेला चेंडू फिल्डरला दिसेनासा व्हायचा. राइट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, तेवीस फुटी प्लास्टिकची भिंत, तिला सगळे 'बॅगी' म्हणायचे. बऱ्याच खुर्च्या अमेरिकन फुटबॉलच्या हिशेबाने बसवलेल्या, म्हणजे बेसबॉल बघायचा तर मान वाकडी. १९८७ आणि १९९१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, आम्ही याच डबड्यात जिंकलो, दोन्ही वेळा घरचे चारही सामने जिंकून, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क फक्त आमचा. (१९८७ मध्ये मी कोल्हापुरात होतो आणि बेसबॉल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. तरी 'आम्ही'च.)

नोव्हेंबर २००१ मध्ये लीगमधल्या संघांच्या मालकांनी दोन संघ चक्क बंद करायचं ठरवलं आणि त्यात आमचं नाव घेतलं जात होतं. आमच्या हेनेपिन काउंटीच्या (जिल्ह्याच्या) एका न्यायाधीशाने सांगितलं की मेट्रोडोमशी करार आहे, २००२ चा हंगाम तिथे खेळावाच लागेल. तेवढ्यावर संघ वाचला. तेव्हापासून नवीन स्टेडियम म्हणजे चैन राहिली नाही, त्याच्याशिवाय संघ टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. २००६ मध्ये विधिमंडळाने काउंटीला ०.१५ टक्के जादा विक्रीकर लावायची परवानगी दिली, सार्वमत न घेता. वीस डॉलरच्या खरेदीमागे तीन सेंट. या तीन सेंटांबद्दल माझे साडू अजून बोलतात. नव्या स्टेडियमची, टार्गेट फील्डची, कुदळ मारायचा मुहूर्त २ ऑगस्ट २००७ चा होता. आदल्या संध्याकाळी मिसिसिपीवरचा आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल कोसळला, तेरा माणसं गेली. समारंभ पुढे ढकलून महिनाअखेरीला झाला.

त्यानंतरची अडीच वर्षं म्हणजे खरी मजा होती. तुमच्या मुलाची ही वर्षं आत्ता चालू आहेत, त्याला गप्प बसवू नका. आम्ही जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या पार्किंग रॅम्पच्या वरच्या मजल्यावर जाऊन खाली काय काय चढलंय ते बघायचो. आठ-साडेआठ एकराचा तुकडा, एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला कचरा जाळून वीज करणारा कारखाना. तिथे स्टेडियम मावेलच कसं यावर पैजा लागायच्या. मग मॅन्केटोकडचा पिवळसर, कसोटा नावाचा दगड भिंतींवर चढायला लागला आणि लोक बोलायचे थांबले. प्रवेशद्वारांना निवृत्त झालेल्या जर्सींचे नंबर दिले: किलब्रूचा ३, ओलिव्हाचा ६, हर्बेकचा १४, कॅर्यूचा २९, पकेटचा ३४. दुसऱ्या शहरात राहणाऱ्याला हे पोरकट वाटेल. वाटू दे.

छप्पर मात्र नव्हतं. सरकतं छप्पर घालायचं तर आणखी दहा कोटी डॉलरच्या वर खर्च होता आणि तो कुणी करणार नव्हतं. इथून आमच्या घरातलं भांडण सुरू झालं. साडूंचं म्हणणं, मिनेसोटात एप्रिलमध्ये बर्फ पडतो, उघड्यावर बसणार कोण? माझं म्हणणं, खासबागेला कुठे छप्पर आहे? कुस्ती बघायला माणसं उन्हात बसतात, मग बेसबॉल बघायला थंडीत बसतील. (साडू पुण्याचे आहेत. खासबागेचं नाव काढलं की ते चहा मागतात.)

तरीही २००९ च्या उन्हाळ्यात आम्ही चार घरांनी मिळून अर्ध्या हंगामाची, शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांची तिकिटं घ्यायची ठरवली. मी, साडू, मंडळातले दोन मित्र. कोणता सामना कुणाला, यासाठी आमच्या घरी जेवणं झाल्यावर चिठ्ठ्या टाकल्या. १२ एप्रिल २०१०, बॉस्टन रेड सॉक्सविरुद्धचा पहिलावहिला सामना साडूंच्या चिठ्ठीत निघाला. ज्या माणसाला स्टेडियमच नको होतं, त्याला! मी हसून पान लावलं.

डिसेंबरात हप्ता भरायची वेळ आली तेव्हा साडूंचा फोन. "अहो साडूभाऊ, आमचं राहू द्या. छप्पर नाही, पोरांना थंडी बाधते, आणि तो तीन सेंटांचा कर मी भरतोयच की!" बरं म्हटलं. त्यांचा वाटा माझ्या ऑफिसातल्या एका तेलुगू मित्राने घेतला, पैसे त्याच दिवशी दिले. विषय संपला असं आम्ही सगळे धरून चाललो.

मार्चमध्ये ट्विन्सने जो मावरशी आठ वर्षांचा, १८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. मावर सेंट पॉलचा पोरगा, आदल्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. गावात सणासारखं वातावरण. एप्रिलच्या सुरुवातीला सेंट लुई कार्डिनल्सबरोबर सरावाचे सामने झाले, बघून आलेले लोक स्टेडियमबद्दल थांबेनात. आणि हवामानखात्याने सोमवारी लख्ख ऊन सांगितलं. त्याच रात्री मेव्हणीचा बायकोला फोन: "अगं, पहिला सामना आमच्या चिठ्ठीत होता ना? ह्यांनी सुट्टी टाकलीय."

सुट्टी टाकलीय! वाटा सोडला, पण चिठ्ठी सोडली नाही, असा त्यांचा मुद्दा. चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली, ती काही विकलेली नव्हती. बायको म्हणाली, जाऊ द्या, दोन तिकिटांसाठी कशाला वाईटपणा. मित्र म्हणाले, नव्याने चिठ्ठ्या टाका. मी म्हटलं, नाही. ज्याने पैसे भरले त्याने वाटा घेतला, आणि वाट्यात जे निघालं होतं ते त्याचं. तेलुगू मित्र आणि त्याची बायको गेले. मी गेलो नाही हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण साडू अजूनही चारचौघांत सांगतात की पहिला सामना मी स्वतःच्या घशात घातला. मी तो ऑफिसच्या कँटीनमध्ये उभ्याने टीव्हीवर पाहिला. जेसन क्युबेलने नव्या स्टेडियममधला पहिला होम रन मारला, ५-२ ने जिंकलो.

साडूंचा दुसरा मुद्दा २०११ चा. त्या वर्षी ट्विन्स ९९ सामने हरले. तेव्हापासून दर गणपतीत ऐकतोय, 'बघा, मी वेळेवर बाहेर पडलो.' अहो, तुम्ही २०१० ला बाहेर पडलात! त्या वर्षी आम्ही ९४ सामने जिंकून विभागात पहिले आलो, ३२ लाखांच्या वर लोक आले. आणि पहिलं वर्ष पुन्हा मिळत नाही. सेंटर फिल्डच्या मागे, फलंदाजाच्या नजरेसमोर, तेव्हा स्प्रूसची झाडं होती. फलंदाजांनी सावलीची तक्रार केली आणि पहिल्या हंगामानंतर ती काढून टाकली. ज्यांनी २०१० पाहिलं त्यांनीच ती झाडं पाहिली. साडूंनी नाही पाहिली.

तर, तुमच्याकडे. तुमचं स्टेडियम साधारण ३३,००० खुर्च्यांचं, म्हणजे लीगमध्ये लहानातलं. पहिल्या सामन्याचं तिकीट सुटं मिळवायला गेलात तर खिसा रिकामा होईल, म्हणून नाव नोंदवून ठेवा. पण त्याआधी चौघांनी बसून कागदावर लिहा. वाटा सोडला की त्याबरोबर चिठ्ठीही गेली. पहिला सामना आणि प्लेऑफ (हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने) हे बाकीच्या चिठ्ठ्यांत मिसळायचे नाहीत, त्यांची वेगळी चिठ्ठी टाकायची. प्लेऑफच्या तिकिटांचे पैसे वेगळे मागतात आणि तेव्हा प्रत्येकाला आपापला वाटा अचानक आठवतो. नातेवाईक आहेत म्हणून लिहायला लाजू नका. परका माणूस शब्द फिरवताना दोनदा विचार करतो.

आता काही गोष्टी, ज्या मी आधी सांगायला हव्या होत्या. तुम्हाला फक्त बेसबॉल बघायचाय, आणि 'मी तिथे पहिल्या दिवशी होतो' याची हौस नाही, तर थांबलात तरी चालेल. आमच्याकडे २०१६ मध्ये संघ १०३ सामने हरला, वर्षभरात वीस लाखही लोक आले नाहीत, आणि तिकिटं मागाल तेव्हा मिळायची. छपराच्या बाबतीतही माझं तत्त्वज्ञान तुमच्या वाळवंटात लावू नका. जुलैत पारा शंभर फॅरनहाइटच्या वर असताना बंद छप्पर आणि एसी हवाच, आणि ते तुम्हाला मिळतंय. तुमच्या राज्याचा आणि काउंटीचा पैसाही यात आहे, ३८ कोटी डॉलरपर्यंत, तेव्हा तुमच्यातही कुणीतरी तीन सेंटवाला निघेल. आणि मुलाला एकदा सांगून ठेवा की हा संघ १९६८ पासून २०२४ पर्यंत ओकलंडचा होता, तिथेही त्याच्याएवढी पोरं होती. आमचा संघही १९६१ मध्ये वॉशिंग्टनहून उचलून आणलेला, त्यामुळे मी जास्त बोलत नाही.

एक शेवटचं. सीझन तिकिटाचं खातं ज्याच्या नावावर असतं, त्याचीच ज्येष्ठता वर्षागणिक वाढते. मेट्रोडोमची तिकिटं ज्यांच्याकडे होती त्यांना नव्या स्टेडियममध्ये जागा निवडायची संधी आधी मिळाली होती. म्हणून खातं तुमच्या नावावर काढा, बाकीचे तिघे तुम्हाला पैसे देतील. साडू असतील तर आगाऊ घ्या.