कुंभार्ली घाटासाठी टायर कोणता?

प्रश्न : नमस्कार ताई. मी पाटणला राहतो आणि कराडच्या शाळेत शिकवतो. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ वर रोजचं जाणं-येणं. महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळच्या गावी आईकडे जातो. तिथले शेवटचे ३ किलोमीटर कच्चे, तांबड्या मातीचे. मागचा टायर मधोमध पार सपाट झालाय. एक दुकानदार म्हणतो, मोठ्या ठोकळ्यांचा ऑफरोड टायर टाका. दुसरा म्हणतो, १४० चा, म्हणजे १४० मिलिमीटर रुंद टाका, पकड वाढेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : सर, दोघांचंही ऐकू नका. आधी तुमचा महिना मोजू. पाटण-कराड जाऊन-येऊन ७० किलोमीटर धरले आणि शाळेचे २४ दिवस, तर १,६८० किलोमीटर डांबर झालं. कच्चा रस्ता जाऊन-येऊन ६. टायर त्या १,६८० साठी घ्यायचा.

मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे. स्पितीला जाण्यासाठी मी माझ्या गाडीला ठोकळ्यांचे टायर घातले होते. तिथल्या खडीवर, वाळूवर त्यांनी सुंदर साथ दिली. परत आल्यावर मात्र ते तसेच राहू दिले. जुलैत ताम्हिणीत एका डाव्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये, वेग तिशीच्या आसपास असताना मागचं चाक अलगद निसटलं. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं.

मऊ मातीत ते ठोकळे रुततात आणि गाडीला पुढे रेटतात. डांबरात रुतायला काही नसतं. तिथे पकड मिळते ती रस्त्याला टेकलेल्या रबराची, आणि ठोकळ्यांमधल्या मोठ्या फटींमुळे तेच कमी टेकतं. शिवाय वळणावर गाडी कलली की उंच ठोकळे वाकतात, चाक हातात राहत नाही असं वाटतं. कुंभार्लीत पावसाळ्यात धुकं, सावलीच्या वळणांवर शेवाळ, ट्रकमधून सांडलेलं डिझेल. तिथे मला भरपूर रबर टेकवणारी, पाणी बाहेर फेकायला खाचा असलेली रस्त्याची नक्षीच हवी.

तुमच्या मागच्या चाकाचं माप १२०/९०-१७, पुढचं ९०/९०-२१. तेच ठेवा. रिम १२० साठी बनवलेली आहे. त्यात १४० चा टायर कोंबला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा जास्त गोल होतो आणि सरळ चालताना मधली पट्टीच टेकते. रुंदीचे पैसे गेले, पकड मिळालीच नाही. चेनजवळची जागा कमी होते ती वेगळीच.

या मापात मेट्झेलर टूरन्स मिळाला तर माझी पहिली पसंती त्याला. तो रस्त्याकडे झुकलेला आहे. खिशाला जड वाटला तर सिएटचा ग्रिप एक्सएल घ्या. तो थोडा मिश्र, डांबर आणि माती दोन्हींसाठीचा आहे, पण तुमच्या कामाला चालेल. मागच्या टायरवर ६४एस लिहिलेलं पाहून घ्या. ६४ म्हणजे २८० किलो भार, एस म्हणजे ताशी १८० पर्यंतचा वेग. तुमचे ते ३ किलोमीटर दोन्ही टायर निभावतील. चिखल असेल तर सावकाश, गिअर न बदलता, ब्रेकला हात न लावता काढायचे. आई वाट पाहील दहा मिनिटं.

तुमची चाकं स्पोकची, म्हणजे आत ट्यूब लागणारच. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी लागते. जुनी ट्यूब पुन्हा घालू देऊ नका, आणि रिमवरची रबरी पट्टी फाटली असेल तर तीही बदला. स्पोकची टोकं ट्यूबला टोचतात ती तिथूनच. टायरच्या कडेचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे दुकानातच बघा. हवा पुढे २५, मागे ३२ पौंड, सकाळी टायर थंड असताना. नवा टायर गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर कराडच्या सपाट रस्त्यावर होऊ द्या, मग घाट.

प्रश्न : नवा म्हणून घेतलेला टायर खरंच नवा आहे का, हे कसं ओळखायचं?

उत्तर : टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. १२२४ असेल तर २०२४ चा बारावा आठवडा. मी वर्षाच्या वर जुना टायर घेत नाही. नुसता पडून राहिला तरी रबर कडक होतं, आणि कडक रबर ओल्या डांबरावर घसरतं. दुकानदाराने टायर रिमवर चढवण्याआधी हे आकडे वाचा, कारण चढवल्यावर तो परत घेत नाही.