लहान कातकामासाठी खास कठीण केलेली हत्यारे घ्यावीत का?

छोट्या लेथवर (लाकूड गरगर फिरवून हत्याराने आकार देण्याच्या यंत्रावर) पेन, भोवरे आणि कुंकवाच्या डब्या कातण्यासाठी क्रायोजेनिक प्रक्रिया, म्हणजे अतिथंड करण्याची प्रक्रिया, केलेली किंवा कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाची महाग हत्यारे घ्यावीत का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात काही वर्षे हौसेने कातकाम करतो आणि गेल्या हिवाळ्यात हाच प्रयोग करून पाहिला. माझा अनुभव असा की, अशा हत्याराने काम अधिक गुळगुळीत होत नाही. दोनदा धार लावण्यामधले अंतर मात्र वाढते, आणि ते किती वाढते हे लाकडावर ठरते.

हत्याराला ‘पाणी’ देणे, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून कठीण करणे, हा शब्दप्रयोग आपण ऐकला असेलच. जुन्या बाजारातून आणलेली माझी पहिली पटाशी साध्या कार्बन पोलादाची होती. ग्राइंडरवर जरा जोराने दाबली आणि टोकाला मोरपिशी निळा रंग चढला, म्हणजे पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून पाणी उतरले. त्यानंतर ती हळदूसारख्या मवाळ लाकडावरही टिकेना. हाय स्पीड स्टील हे मिश्र पोलाद साधारण ५५० अंशांपर्यंत आपला कठीणपणा सोडत नाही, त्यामुळे नवशिक्याच्या हातून ग्राइंडरवर होणारी ही चूक ते पोटात घालते. माझ्या मते खरी मोठी झेप एवढीच आहे. पुढच्या पायऱ्या लहान आहेत.

प्रयोगासाठी मी अर्ध्या इंचाच्या तीन गोल पटाश्या, म्हणजे स्पिंडल गाऊज, घेतल्या: एक एम२ या साध्या हाय स्पीड स्टीलची, दुसरी त्याच पोलादाची पण क्रायोजेनिक प्रक्रिया केलेली, आणि तिसरी सुमारे ८ टक्के कोबाल्ट असलेल्या एम४२ या हाय स्पीड स्टीलची. तिन्हींना एकाच जिगवर (धार लावताना हत्यार ठरावीक कोनात धरणाऱ्या साच्यावर) ४० अंशांचा उतार दिला आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागाच्या एकाच तुकड्यातून भोवरे कातले. सागात सिलिका असते आणि ती धारेला बारीक वाळूसारखी खाते, म्हणून लाकूड मुद्दाम तेच निवडले. साध्या पटाशीतून तिसऱ्या भोवऱ्याला लांब सालपटे निघणे थांबून भुसा उडू लागला. क्रायोजेनिक पटाशीने चौथा भोवरा कसाबसा पूर्ण केला. एम४२ मात्र सहाव्यापर्यंत गेली. हळदूवर तिन्हींत मला काहीच फरक जाणवला नाही, कारण धार जाण्याआधी मीच कंटाळलो.

क्रायोजेनिकचा फरक एवढा कमी का, याचे माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे. पाणी देताना पोलादाचा काही भाग मऊ अवस्थेत, ऑस्टेनाइट म्हणून, शिल्लक राहतो आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या थंडीत त्यातला बराचसा कठीण मार्टेन्साइट होतो. पण हाय स्पीड स्टीलला कारखान्यात दोन-तीनदा टेंपर करतात, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवतात, तेव्हाच यातले बरेच काम उरकलेले असते. त्यामुळे नुसत्या ‘क्रायोजेनिक’ या शब्दासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत.

कार्बाइडच्या टिकल्या, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवायची अतिकठीण लहान पाती, पेनच्या ॲक्रिलिकवर आणि बाभळीवर उत्तम चालतात, आणि एक कड गेली की टिकली फिरवून घेता येते. मात्र त्या लाकूड कापण्यापेक्षा खरवडतात, म्हणून मऊ लाकडाचे तंतू उचकटतात आणि पुढे पॉलिश पेपरवर घाम गाळावा लागतो. धार गेली आहे का, हे ओळखायला मी हत्यार ट्यूबलाइटखाली धरतो: कडेवर केसासारखी पांढरी रेघ चमकली, तर धार गेली. कठीण हत्यार आहे म्हणून ही रेघ दिसत असतानाही रेटत राहणे हाच खरा तोटा, कारण दाब वाढतो आणि पातळ डबी हातात फुटते.

आपल्या जागी मी असतो, तर स्क्यू (तिरप्या धारेची पटाशी) आणि पार्टिंग (काम कापून वेगळे करायचे अरुंद हत्यार) साध्या एम२ ची घेतली असती, एकच गोल पटाशी एम४२ ची, आणि उरलेले पैसे चांगल्या जिगवर घातले असते. मशीनच्या हत्यारांच्या दुकानात कोबाल्टवाले चौकोनी टूल बिट, म्हणजे धार लावून वापरायचे पोलादाचे छोटे तुकडे, मिळतात. त्यातला एखादा मजबूत दांड्यात बसवून, टोक थोडेच बाहेर ठेवून, डबीचा आतला भाग खरवडायला स्क्रेपर करता येतो. जुन्या कानशीची हत्यारे मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी लेथवर लावू नका. कानस इतकी ठिसूळ असते की लाकडात अडकली तर तिचे तुकडे तोंडावर येतात.