डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, त्रास उजव्याला?

प्रश्न : आईला (वय 66) दोन्ही डोळ्यांना मायनस 8 नंबर होता. महिन्यापूर्वी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता डाव्याने लांबचं चष्म्याशिवाय दिसतं. म्हणून जुन्या चष्म्यात त्या बाजूला साधी काच बसवली, तर वस्तू दोन-दोन दिसतात, जिना उतरताना पाय चुकतो. शिवाय उजव्याने सगळं पिवळट दिसतं म्हणते. ऑपरेशनमुळे उजवा बिघडला का?

उत्तर : उजवा होता तसाच आहे, जोडी मोडली आहे. मायनस 8 च्या काचेतून वस्तू जवळजवळ 9 टक्के लहान दिसते. डाव्याला ती पूर्ण आकाराची दिसते. एवढा फरक मेंदूला जुळवता येत नाही. त्यात जिना उतरताना आपण काचेच्या मध्यातून न पाहता खालच्या भागातून पाहतो. मध्यापासून 1 सेंटिमीटर खाली आलं, की उजव्याची प्रतिमा 8 प्रिझमने (प्रिझम म्हणजे प्रतिमा किती सरकली ते मोजायचं एकक) वर-खाली सरकते. उभ्या दिशेला 2-3 प्रिझमदेखील जड जातात. पिवळटपणा उजव्यातल्या मोतीबिंदूचा आहे. तो आधीही होताच, आता तुलनेला स्वच्छ डोळा मिळाला इतकंच.

चष्मा बदलत बसण्यात पैसे घालवू नका, कोणत्याच चष्म्याने हे पूर्ण सुटणार नाही. उजव्याला कॉन्टॅक्ट लेन्स (साधारण मायनस 7.25) लावली, तर आकारातला फरक बराच मिटतो आणि लेन्स बुबुळाबरोबर फिरत असल्याने दोन-दोन दिसणंही थांबतं. ती जमत नसेल तर तूर्त जिना आणि रस्ता चष्म्याशिवाय, कठड्याला धरून. खरा उपाय उजव्याचं ऑपरेशन. डावा निवळला असेल तर फार लांबवू नये. मात्र ऑपरेशनसाठी डोळ्याचं मोजमाप घेण्याआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स किमान आठवडाभर बंद हवी, नाहीतर डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर चुकू शकतो. आणि डाव्याचे स्टेरॉइडचे थेंब 'उरलेत म्हणून' उजव्यात घालू नका, डोळ्याचा दाब वाढू शकतो.

प्रश्न : एक डोळा गेला की दुसराही जातो, हे खरं का?

उत्तर : क्वचित, पण खरं. याला सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणतात. डोळा फाटून आतला रंगीत पडदा उघडा पडला, की शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परका समजते आणि धडधाकट डोळ्यातल्या त्याच पडद्यावरही हल्ला करते. ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल तिसऱ्या वर्षी आरी लागून एका डोळ्याने अधू झाले आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांनी अंध. त्यामागे हाच आजार असावा, असं मानलं जातं. तेव्हा स्टेरॉइड नव्हती. आज वेळेत सुरू केली तर बहुतेकांची दृष्टी टिकते.

धोका मुख्यतः भोसकल्यासारख्या जखमेनंतर, काही वेळा डोळ्यामागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) वारंवार केलेल्या शस्त्रक्रियांनंतर. मोतीबिंदूच्या साध्या ऑपरेशननंतर तो अत्यंत दुर्मीळ आहे. बहुधा पहिल्या वर्षाच्या आत, पण कधी अनेक वर्षांनंतरही, चांगल्या डोळ्याला उजेड सहन होईनासा झाला, तो लाल झाला, जवळचं धूसर दिसू लागलं किंवा काळे ठिपके तरंगू लागले, तर त्याच दिवशी दाखवा. सोबत जखमी डोळ्याची फाइलही न्या. 'तो जुना विषय' म्हणून ती घरी राहते आणि निदान 'डोळे आले' असं होतं.